टीम मीटिंगमध्ये मी काय बोलू?

प्रश्न: मॅडम, मी ऑक्युपेशनल थेरपीच्या (व्यवसायोपचार, म्हणजे रुग्णाला रोजची कामं पुन्हा जमावीत यासाठीचे उपचार) शेवटच्या वर्षाला आहे. सध्या ज्येष्ठ रुग्णांच्या वॉर्डात पोस्टिंग आहे. टीम मीटिंगला डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, सोशल वर्कर असे सगळे असतात. माझी पाळी येईपर्यंत सगळं बोलून झालेलं असतं. मग मी बार्थेल स्कोअर (रुग्ण रोजची कामं स्वतः किती करू शकतो याचे गुण) वाचते आणि गप्प बसते. तिथे माझं काम काय?

उत्तर: स्कोअर जरूर सांग, पण तेवढ्यावर थांबू नकोस. १०० पैकी ७० गुण मिळालेल्या दोन आजी घे. एकीचं घोडं जिन्यावर अडतं, दुसरीला वेळेत बाथरूम गाठता येत नाही. माणूस रोजचं काम करताना नेमका कुठे अडतो, हे टीमला तुझ्याकडून कळायला हवं.

माझ्या एका विद्यार्थिनीने पहाटे वॉर्डात जाऊन एक आजोबा पलंगावरून उठून बाथरूमला कसे जातात, ते शेजारी उभं राहून नुसतं पाहिलं. उभे राहताच त्यांनी कठडा घट्ट धरला, डोळे मिटले, मग पाऊल टाकलं. हेच आजोबा दुपारी फिजिओथेरपीत खुर्चीतून उठून ३ मीटर चालत आणि परत येऊन बसत, तेही १२ सेकंदांच्या आत! तिने हे मीटिंगमध्ये जसंच्या तसं सांगितलं. नर्सनी झोपून आणि उभं राहून बीपी मोजलं, तर उभं राहताच वरचा आकडा २० पेक्षा जास्त उतरत होता. डॉक्टरांनी बीपीच्या गोळ्या पुन्हा तपासल्या. फिजिओथेरपिस्टने उठण्याआधी पावलं वरखाली हलवायला शिकवलं. पलंगाची उंची, रात्रीचा दिवा आणि उठताना काठावर जरा बसायची सवय हे माझ्या विद्यार्थिनीने बघितलं. तिचं ते निरीक्षण नसतं, तर ‘चालणं उत्तम’ म्हणून आजोबांना घरी पाठवलं असतं.

हे शिकवायची जबाबदारी आम्हा शिक्षकांचीही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या आराखड्यात म्हटलंय की वेगवेगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकावं. एका हॉलमध्ये बसून एकच लेक्चर ऐकलं की हे साधतं, असं मला अजिबात वाटत नाही. जागतिक व्यवसायोपचार महासंघाच्या निकषांनुसार प्रत्यक्ष कामाचे किमान १००० तास तू करणारच आहेस. त्यातले काही तास नर्सिंगच्या विद्यार्थिनीबरोबर एकाच रुग्णाची तपासणी करायला मिळतील का, असं तुझ्या मॅडमना स्पष्ट विचार. ती औषधांच्या वेळा बघेल, तू आंघोळ-कपडे बघ, आणि मग दोघी बसून ताडून बघा.

आणखी एक. मीटिंगच्या आदल्या दिवशी रुग्णालाच विचार, ‘घरी गेल्यावर तुम्हाला स्वतःला काय करता यायला हवंय?’ बोलायची सुरुवात त्या उत्तराने कर. घरी सोडायची तारीख ठरायच्या आत तुझं बोलणं व्हायला हवं, म्हणून पाळीची वाट न बघता आधीच वेळ मागून घे.