प्रबंधातल्या प्रकरणाचा शोधनिबंध करताना: आधी तक्ता, मग मजकूर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठवाड्यातील एका तालुक्यातल्या ४८ विहिरींच्या आणि बोअरच्या पाण्याचे तुम्ही मे आणि नोव्हेंबर असे दोनदा पृथक्करण केले. त्यावरचे प्रबंधातील प्रकरण ६० पानांचे झाले आणि मार्गदर्शकांनी त्याचा शोधनिबंध करायला सांगितला. दरम्यान एका जर्नलने चार दिवसांत ‘स्वीकृत’ असे कळवून पैसे मागितले आहेत. आता काय करावे आणि चांगल्या जर्नलसाठी मसुदा कसा तयार करावा, असे तुम्ही विचारता. भूजल रसायनशास्त्रात मी बरीच वर्षे काम करतो आणि अधूनमधून परीक्षक म्हणून इतरांचे मसुदेही वाचतो, त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

आधी तातडीचे. पैसे भरू नका. दोन परीक्षकांनी मसुदा वाचून अभिप्राय देणे ही चार दिवसांत होणारी गोष्ट नव्हे. कॉपीराइटच्या फॉर्मवर तुम्ही सही करून पाठवली असेल, तर मसुदा मागे घेत असल्याचे ईमेलने कळवा आणि त्याचे लेखी उत्तर मिळेपर्यंत तो दुसरीकडे पाठवू नका, कारण एकच मसुदा एकाच वेळी दोन ठिकाणी असणे हा लेखकाचा दोष मानला जातो.

आता मुख्य मुद्दा. प्रबंधात तुम्ही काय काय केले ते सगळे सांगायचे असते. शोधनिबंधात एका प्रश्नाचे एक उत्तर द्यायचे असते. ६० पाने आक्रसून १५ केली की शोधनिबंध होत नाही. ‘अमुक तालुक्यातील भूजलाच्या गुणवत्तेचे मूल्यमापन’ या स्वरूपाचे, शेवटी जल गुणवत्ता निर्देशांक काढून ‘इतके टक्के नमुने पिण्यास अयोग्य’ असे सांगणारे मसुदे संपादकांकडे इतके येतात की, त्यांतले बरेचसे परीक्षकांपर्यंत पोहोचतही नाहीत. तुमच्याकडे मात्र खरा प्रश्न आहे आणि तो तुम्ही जाता जाता एका वाक्यात सांगितला आहे: पावसाळ्यानंतर उथळ विहिरींतले नायट्रेट वाढले, खोल बोअरमधले वाढले नाही. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये नायट्रेट देणारे खनिज नाही, म्हणजे ते वरूनच आले आहे. शेतातल्या युरियातून की वस्तीतल्या शोषखड्ड्यांतून, आणि पावसाच्या पाण्याबरोबर ते किती खोलवर गेले, हा तुमचा शोधनिबंध. फ्लोराइड, सिंचनयोग्यता, निर्देशांक हे सगळे प्रबंधात राहू द्या.

प्रश्न ठरला की लगेच लिहायला बसू नका. पहिले काम तक्त्याचे. माझ्या पाहण्यात मसुदे भाषेमुळे जितके परत येतात, त्याहून जास्त आकड्यांमुळे येतात, आणि ते आकडे लेखकाने स्वतः कधी तपासलेले नसतात.

प्रत्येक नमुन्याचा आयन समतोल काढा. पाण्यात धनभार आणि ऋणभार सारखे असलेच पाहिजेत, त्यामुळे मिलिग्रॅमचे मिलिइक्विव्हॅलंट (आयनांचा विद्युतभार मोजायचे एकक) करून दोन्ही बाजूंची बेरीज जुळते का ते पाहायचे. उदाहरणादाखल एक नमुना घ्या: कॅल्शियम ८०, मॅग्नेशियम ३६, सोडियम ६९ आणि पोटॅशियम २ मिलिग्रॅम प्रति लिटर. धनायनांची बेरीज १०.०० मिलिइक्विव्हॅलंट येते. दुसऱ्या बाजूला बायकार्बोनेट ३०५, क्लोराइड १०६, सल्फेट ४८, नायट्रेट ६२, बेरीज ९.९९. हिशेब चोख. दोन बेरजांतला फरक, म्हणजेच त्रुटी, त्यांच्या एकत्रित बेरजेच्या ५ टक्क्यांच्या आत असावी, असा रूढ संकेत आहे.

पण या चाळणीची भोकेही माहीत असू द्या. माझ्या पहिल्या शोधनिबंधाच्या वेळी प्रयोगशाळेच्या अहवालात नायट्रेटचा आकडा ‘नायट्रोजन म्हणून’, म्हणजे त्यातल्या फक्त नायट्रोजनच्या वजनात, दिलेला होता. तक्ता सुबक दिसावा म्हणून मी स्तंभाचे शीर्षक लहान केले आणि ते दोन शब्द गाळले. वरच्या नमुन्यात ६२ च्या जागी १४ लिहिल्यासारखे ते झाले. अशा वेळी त्रुटी ४.१ टक्के येते, म्हणजे नमुना चाळणीतून खाली पडतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. क्षारता कॅल्शियम कार्बोनेट म्हणून २५० (बायकार्बोनेट म्हणून ३०५) असताना तोच २५० चा आकडा बायकार्बोनेटच्या स्तंभात टाकला, तर त्रुटी ४.८ टक्के, तीही चालून जाते. दोन्ही चुका एकत्र झाल्या तर मात्र ९.२ टक्के होते आणि मग शोधाशोध सुरू होते. म्हणून केवळ ५ च्या आत आहे ना, एवढे पाहून थांबू नका. सगळ्या नमुन्यांची त्रुटी एकाच बाजूला झुकलेली आहे का, हेही पाहा. तशी असेल तर ती योगायोगाची नसून एककाची किंवा प्रमाणीकरणाची चूक असते. माझी चूक एका परीक्षकाने पकडली, तीही सौम्य शब्दांत, आणि सगळी चर्चा नव्याने लिहावी लागली; कारण पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाची ४५ मिलिग्रॅमची मर्यादा नायट्रेट म्हणून आहे, नायट्रोजन म्हणून तीच सुमारे १० होते, आणि मी १४ ला बिनधास्त ‘मर्यादेत’ म्हटले होते.

याच बैठकीत आणखी काही गोष्टी उरकून घ्या. यंत्राला जे मोजता आले नाही तिथे शून्य लिहू नका; शोधमर्यादा (यंत्राला ओळखता येणारे सर्वांत कमी प्रमाण) किती होती ते द्या आणि मूल्य तिच्याहून कमी आहे असे लिहा. पीएचची सरळ सरासरी काढू नका, कारण ते लॉगचे माप आहे: ७ आणि ८ पीएचच्या दोन नमुन्यांतल्या हायड्रोजन आयनांची सरासरी ७.५ ला नव्हे, ७.२६ ला जुळते; मध्यक दिलेला बरा. एक्सेलने दिले म्हणून ७.४३५६ छापू नका, तुमच्या मीटरला दुसऱ्या दशांशाचीही खात्री नसते. मेमधली आणि नोव्हेंबरमधली विहीर एकच असल्याने तुलना जोडीची आहे, स्वतंत्र गटांची नाही. नायट्रेटचे आकडे सहसा एका बाजूला लांब शेपटीचे असतात, म्हणून अशा आकड्यांना चालणारी विलकॉक्सनची जोडीची सांख्यिकीय चाचणी घ्या. आणि सॉफ्टवेअरने पी मूल्य (दिसलेला फरक केवळ योगायोगाने येण्याची संभाव्यता) ०.००० दाखवले तर ते ०.००१ पेक्षा कमी असे लिहा. संभाव्यता शून्य नसते.

पद्धतीचा भाग लिहिताना आपल्यासारखाच दुसरा विद्यार्थी हे काम पुन्हा करणार आहे, असे डोळ्यांसमोर आणा. नमुना घेण्यापूर्वी बोअर किती वेळ चालू ठेवला होता, पीएच आणि विद्युतवाहकता जागेवर मोजली की प्रयोगशाळेत, ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळले का, धनायनांच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणला होता का, आणि नायट्रेटची बाटली आम्लाशिवाय वेगळी, थंड ठेवली होती ना, हे सगळे त्यात हवे. शेवटचा मुद्दा बारीक वाटेल, पण जपायच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालून त्याच बाटलीतले नायट्रेट मोजल्याचे वर्णन मी एका मसुद्यात खरोखरच वाचले आहे. कोरे नमुने (शुद्ध पाण्याचे) आणि दुहेरी नमुने (एकाच पाण्याचे दोनदा घेतलेले) किती घेतले, तेही एका वाक्यात सांगा. घेतलेच नसतील तर तसे लिहा. लपवल्याने परीक्षकाचा संशय वाढतो.

आकृत्या चार-पाचच ठेवा. नकाशावर मापपट्टी, अक्षांश-रेखांश आणि उथळ विहिरी व खोल बोअर यांच्या वेगळ्या खुणा हव्यात. प्रबंधातला संगणकाच्या पडद्यावरून उचललेला धूसर नकाशा चालणार नाही. पाण्यातल्या मुख्य आयनांचे प्रमाण दाखवणारी, १९४४ पासून चालत आलेली पायपर आकृती द्यायला हरकत नाही. पाण्यातले क्षार पाऊस, खडक की बाष्पीभवन यांपैकी कशामुळे आले ते दाखवणारी गिब्जची आकृती मात्र काढून टाका. ती १९७० मध्ये नद्या आणि सरोवरांसाठी मांडलेली होती, भूजलासाठी नव्हे. तरीही आपल्याकडच्या बहुतेक मसुद्यांत ती रांगोळीसारखी काढलेली असते. तिच्याऐवजी नायट्रेट-क्लोराइड गुणोत्तराची आकृती करा. सांडपाण्यातून नायट्रेटबरोबर क्लोराइडही भरपूर येते, युरियातून येत नाही, म्हणजे तुमच्या मूळ प्रश्नाला ती थेट भिडते. अर्थात गुणोत्तर हा केवळ संकेत आहे, नायट्रोजनच्या समस्थानिकांच्या मोजणीइतका तो पक्का नाही, आणि ही मर्यादा परीक्षकाने दाखवण्याआधी तुम्हीच चर्चेत मांडलेली बरी.

लिहिण्याचा क्रम छापण्याच्या क्रमापेक्षा वेगळा ठेवा: आकृत्यांची शीर्षके, मग पद्धत, निष्कर्ष, चर्चा, त्यानंतर प्रस्तावना आणि शेवटी सारांश. प्रस्तावना ‘पाणी म्हणजे जीवन’ इथून सुरू करू नका. पहिल्या परिच्छेदात बेसॉल्टमधील नायट्रेटविषयी काय ठाऊक आहे, दुसऱ्यात काय ठाऊक नाही, तिसऱ्यात तुम्ही काय केले, एवढे पुरे. सारांशात ‘चर्चा केली आहे’ अशी वाक्ये नकोत, आकडे हवेत. शीर्षकातही जागेच्या नावाआधी शोध यावा: ‘पावसाळ्यानंतर बेसॉल्टमधील उथळ विहिरींत वाढणारे नायट्रेट’ असे काहीसे.

प्रबंधातली वाक्ये जशीच्या तशी उचलण्याबाबत विचारले आहे. प्रबंध शोधगंगेवर (भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात) गेला असेल तर साम्य तपासणारे सॉफ्टवेअर तो पकडणारच. स्वतःच्या प्रबंधातून शोधनिबंध काढणे बहुतेक जर्नलांना मान्य असते, मात्र तसे संपादकांना पत्रात कळवावे. वाङ्मयचौर्याविषयीच्या यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतील १० टक्के साम्याची सीमा विद्यापीठाच्या कारवाईसाठी आहे. संपादक टक्केवारीइतकेच साम्य कुठे आहे तेही पाहतो. पद्धतीतल्या साम्याकडे तो कदाचित काणाडोळा करील, चर्चेतल्या साम्याकडे नाही. इंग्रजी सुधारण्यासाठी एआयची मदत घेतली असेल तर जर्नलच्या नियमाप्रमाणे तसे नमूद करा, आणि त्याने सुचवलेला प्रत्येक संदर्भ उघडून वाचल्याशिवाय यादीत ठेवू नका; अस्तित्वातच नसलेले संदर्भ मला परीक्षणात सापडले आहेत.

लेखकांची नावे आत्ताच ठरवा. ज्याने कामाच्या आखणीत, मोजणीत किंवा विश्लेषणात भर घातली, मसुदा लिहिला किंवा तपासला, अंतिम रूपाला संमती दिली आणि जो त्याची जबाबदारी घेतो, तो लेखक. नमुने गोळा करायला आलेल्या मित्राचे आणि उपकरण चालवून देणाऱ्या तंत्रज्ञाचे आभार मानावेत. विभागप्रमुखांचे नाव रिवाज म्हणून घालावे का, हा प्रश्न नाजूक आहे हे मला कळते, पण तो मार्गदर्शकांना सोडवू द्या. तुम्ही फक्त कोणी काय केले याचा कागद लिहून त्यांच्यापुढे ठेवा.

जर्नल निवडताना ‘केअर लिस्टेड’ या शिक्क्यावर विसंबू नका, मान्यताप्राप्त जर्नलांची ती यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. २०२२ च्या नियमावलीनंतर प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापण्याची देशव्यापी सक्तीही राहिलेली नाही, तेव्हा विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे ते पाहा; कदाचित तुम्हाला वाटते तेवढी घाई नसेल. तुमच्या विषयाला भारतीय विज्ञान अकादमीचे ‘जर्नल ऑफ अर्थ सिस्टिम सायन्स’ किंवा ‘एन्व्हायर्न्मेंटल मॉनिटरिंग अँड असेसमेंट’ जवळचे वाटते. दुसऱ्यात लेख वर्गणीच्या मार्गाने छापला तर लेखकाला शुल्क पडत नाही, मुक्त प्रवेश निवडला तरच पडते. हा फरक माहीत नसल्याने अनेक विद्यार्थी विनाकारण मागे सरतात. नामांकित जर्नलांच्या नकली वेबसाइटही असतात, म्हणून ईमेलमधल्या दुव्यावरून न जाता प्रकाशकाच्या मूळ संकेतस्थळावरून जा, आणि पाठवण्यापूर्वी त्याच जर्नलमधले अलीकडचे पाच लेख वाचा.

संपादकांना लिहायचे पत्र अर्ध्या पानाचे असावे: प्रश्न, मुख्य निष्कर्ष एका आकड्यासह, या जर्नलच्या वाचकांना त्याचे काय, आणि मसुदा इतरत्र विचाराधीन नाही ही ग्वाही. परीक्षक सुचवायला सांगितले तर मार्गदर्शकांच्या सहलेखकांची नावे देऊ नका. पण हे सगळे नंतरचे. या आठवड्यात फक्त ४८ विहिरींचा आयन समतोल काढा आणि अहवालाच्या मूळ प्रतीवर नायट्रेटच्या स्तंभाचे शीर्षक काय आहे ते पाहा. तक्ता इथे टाकलात तर मीही नजर फिरवीन. विहिरींच्या मालकांची नावे मात्र त्यातून आधी काढून टाका.