कृत्रिम पाय, दाढी आणि सुकं खोबरं

(विमानतळावरच्या तपासणीबद्दल वाचकांचे प्रश्न. उत्तरं देत आहेत केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातून निवृत्त झालेल्या एक महिला उपनिरीक्षक.)

प्रश्न : ताई, माझ्या आईचा उजवा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे. दिल्लीला जाताना विमानतळावर तिला तो काढून एक्स-रेच्या पट्ट्यावर ठेवायला सांगितलं. पडद्याआड का होईना, तिने काढला. येताना मात्र ‘मी रेल्वेनेच येणार’ म्हणून हटून बसली. आम्हाला नाही म्हणता आलं असतं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पाय काढायला नाही म्हणता आलं असतं. तपासणीला नाही. गेटवरची निम्मी भांडणं या दोन गोष्टींची गल्लत झाल्याने होतात.

कोलकात्याच्या जीजा घोष यांना सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर परिणाम करणारा विकार) आहे. २०१२ मध्ये त्यांना विमानात बसल्यावर खाली उतरवलं गेलं. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २०१६ मध्ये न्यायालयाने विमान कंपनीला १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. याच प्रकरणात १ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने आणखी स्पष्ट सांगितलं : सुरक्षा तपासणी जरूर करा, पण दिव्यांग प्रवाशाला कृत्रिम अवयव किंवा कॅलिपर (पायाला बाहेरून आधार देणारा साचा) काढायला लावू नका. त्याच्या संमतीशिवाय त्याला उचलणंही अमानुष आहे. व्हीलचेअरवरून न विचारता काखेत हात घालून उचलणाऱ्यांनी हे वाक्य पाठच करावं. त्याआधी ऑक्टोबरमध्येच अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी आपल्या कृत्रिम पायाबद्दल व्हिडिओ टाकला होता आणि आमच्या दलाने त्यांची जाहीर माफी मागितली होती.

मग न काढता तपासायचं कसं? पॅन्टचा पाय किंवा साडी थोडी वर घ्यायची, हाताने चाचपायचं, कापडाची छोटी पट्टी त्या पायावर आणि प्रवाशाच्या तळहातांवर फिरवायची आणि ती स्फोटकांचा माग काढणाऱ्या यंत्रात घालायची. यंत्र काही सेकंदांत निकाल देतं. याला आम्ही स्वॅब म्हणतो.

आता वर्दीतल्या त्या मुलीची बाजूही ऐका. आमच्याकडे ‘डमी’ येतात. म्हणजे साधा प्रवासी बनून, अंगावर किंवा बॅगेत काहीतरी लपवून येणारा आपलाच माणूस. तो हातून सुटला की चौकशी लागते. समोर धातूचा पाय आला, हातातलं डिटेक्टर कर्कशलं, मागे रांगेत लोक घड्याळं बघतायत. अशा वेळी तिच्या डोक्यात सर्वोच्च न्यायालय नसतं, डमी असतो. ‘काढा’ म्हणणं तिला सगळ्यात सोपं पडतं. म्हणून तिच्याशी वाद घालू नका. शांतपणे सांगा, ‘तपासणीला आमची ना नाही. पाय काढणार नाही. स्वॅब घ्या आणि तुमच्या शिफ्ट इनचार्जना बोलवा.’ निर्णय वरच्याने घेतला की तिचीही मान सुटते. तपासणी पडद्याआड व्हावी, बाईची बाईनेच करावी, हे हक्काने मागा. सोबत लेक असावी असं आईला वाटत असेल तर तेही सांगून बघा. तिकीट काढतानाच कंपनीला कळवा, विमानतळावर थोडं आधी पोचा. आणि आईंना म्हणावं, पुढच्या खेपेला विमानानेच जा!

प्रश्न : मी नांदेडचा, पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. दाढी ठेवतो. प्रत्येक वेळी माझीच तपासणी लांबते. विचारलं तर ‘रँडम आहे’ म्हणतात. हे चालतं का?
– एक विद्यार्थी

उत्तर : नाही चालत. दाढी, टोपी, आडनाव पाहून कुणाला बाजूला घ्यायची मुभा कुठलाही नियम देत नाही. राज्यघटनेचं १५वं कलम धर्मावरून भेदभाव करायला राज्याला मनाई करतं, आणि वर्दी म्हणजे राज्यच. असं होतच नाही, असंही मी म्हणणार नाही. मी होताना पाहिलंय.

पण नेमकं कुठे होतं ते ओळखा. आपल्याकडे फ्रिस्किंग सगळ्यांचंच होतं, त्यामुळे अंगझडतीला ‘रँडम’ हे उत्तर मुळात लंगडं आहे. बॅग ‘रिचेक’ला काढणाऱ्याचे डोळे पडद्यावर असतात. त्याला तुमची पॉवर बँक दिसते, दाढी नाही. १५ ऑगस्ट, २६ जानेवारीच्या आसपास विमानात चढण्याआधी आणखी एक तपासणी लागते, तीही सगळ्यांना. भेदभाव होतो तो वेळेत आणि तोंडात. शेजारच्याला अर्धं मिनिट, तुम्हाला पाच. त्याला ‘सर’, तुम्हाला ‘ए, इकडे ये’. तेव्हा तारीख, वेळ, तपासणीची रांग आणि नावाच्या पट्टीवरचं नाव लक्षात ठेवा आणि विमान गाठल्यावर लेखी तक्रार करा. रांगेत मोबाइल काढून चित्रण करू नका. त्या भागात ते चालत नाही आणि मग मूळ तक्रार राहते बाजूला. लेखी तक्रार आली की तिथलं सीसीटीव्ही काढून पाहता येतं. फुटेज कायम ठेवत नाहीत, म्हणून आठवडाभर थांबू नका.

जाता जाता : माजी राष्ट्रपतींना झडतीतून सूट असते. तरी २००९ मध्ये दिल्लीत एका अमेरिकी विमान कंपनीच्या लोकांनी डॉ. अब्दुल कलामांची झडती घेतली. त्यांनी मुकाट्याने घेऊ दिली. पुढे संसदेत गदारोळ झाला आणि कंपनीने माफी मागितली. तुमच्यासाठी संसद उठणार नाही, म्हणून कागद हवा.

प्रश्न : डिजियात्रा (विमानतळावर चेहरा ओळखून आत सोडणारी सोय) घ्यावीच लागते का? दारातच फोटो काढू पाहतात.
– एक गृहिणी, ठाणे

उत्तर : नाही. ती ऐच्छिक आहे. तिकीट आणि ओळखपत्र दाखवून जायची रांग असतेच, तिकडे वळा. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्येच सांगितलंय. फोटो कशासाठी, हे विचारल्याशिवाय चेहरा पुढे करू नका.

प्रश्न : लेकीसाठी नेत असलेलं सुकं खोबरं काढून घेतलं. हा अन्याय नाही का?
– एक आजी, चिपळूण

उत्तर : नाही हो आजी. सुक्या खोबऱ्यात तेल फार, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. म्हणून ते हातातल्या बॅगेतही नाही आणि मोठ्या बॅगेतही नाही. लेकीला तिथेच विकत घ्यायला सांगा.