पाकिटातले पन्नास रुपये आणि फॉर्मवरचे ‘नाही’

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून एका वाचकांचे पत्र आले आहे. ते शिरोलीच्या एका फौंड्रीत तपासणी विभागात आहेत आणि त्यांच्या पत्नी परिचारिका आहेत. दोघांच्या हातात मिळून महिन्याला ९० हजार रुपये येतात आणि त्यातील दशमांश, म्हणजे ९ हजार, लग्नापासून एकदाही न चुकता ते आपल्या मंडळीला, म्हणजे चर्चला, देत आले आहेत. तेरा वर्षांच्या मुलाला महिन्याला ५०० आणि नऊ वर्षांच्या मुलीला २०० रुपये खाऊसाठी ठरलेले आहेत. त्यातून ५० आणि २० रुपये वडील आधीच काढून घेतात, पाकिटात घालतात आणि रविवारी दानार्पणाच्या वेळी ती पाकिटे मुलांच्या हाती देतात. गेल्या महिन्यात खजिनदारांनी मुलाचे पाकीट घरी आणून दिले. ते रिकामे होते, आणि मुलाच्या दप्तरात नवा टेनिस बॉल होता.

मुलाला प्रामाणिकपणाचे आणि दातृत्वाचे वळण लागावे म्हणून वाचकांनी त्यानंतर त्याच्या नावे विम्याची ‘चाइल्ड प्लॅन’ घेतली. हप्ता वर्षाला ६० हजार, मुदत १५ वर्षे, शेवटी साडेतेरा लाख, आणि त्यातील दहावा भाग मुलाच्या हस्ते मंडळीला. कागदपत्रे अकरा दिवसांपूर्वी घरी आली आहेत. त्यांचा प्रश्न एवढाच आहे की मुलीच्या नावेही अशीच योजना घ्यावी का.

घेऊ नये. वर्षाला ६० हजारांप्रमाणे १५ वर्षांत तुम्ही ९ लाख भरणार आणि साडेतेरा लाख मिळणार, म्हणजे परतावा जेमतेम ५ टक्के पडतो. तीच रक्कम सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत (पीपीएफ) सध्याच्या ७.१ टक्के दराने सव्वासोळा लाखांच्या आसपास जाते. मंडळीला तुम्ही १ लाख ३५ हजार देणार म्हणता. त्याच्या दुप्पट रक्कम योजनेने त्याआधीच खाल्लेली असेल. शिवाय ही योजना पिकेल तेव्हा तुमचा मुलगा २८ वर्षांचा असेल. त्याच्या शिक्षणाचा खर्च पाच वर्षांनी उभा राहणार आहे, हे ती विकणाऱ्याला दिसले नाही असे मानणे मला जड जाते. हे एजंट तुमच्याच मंडळीतले आहेत आणि देवाला दिलेले दुप्पट होऊन परत येते असे त्यांनी बायबलातल्या मलाखीच्या पुस्तकाचा आधार देऊन सांगितले, असे तुम्ही लिहिता. देवाच्या आशीर्वादाचा दर मला काढता येत नाही, पण त्यांच्या योजनेचा दर मी काढून दाखवला आहे.

हातात कागद आल्यापासून ३० दिवसांच्या आत पॉलिसी परत करता येते. याला फ्री-लुक म्हणतात. कंपनी मधल्या काळातील जोखमीचा हप्ता, मुद्रांक आणि वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च कापून बाकीचे पैसे देते. तुमचे ११ दिवस गेले आहेत. मिळालेल्या पैशांतून मुलीचा दहावा वाढदिवस येण्यापूर्वी सुकन्या समृद्धी खाते उघडा, कारण दहा वर्षे पूर्ण झाल्यावर ते उघडता येत नाही. पहिली १५ वर्षे महिन्याला अडीच हजार घातले तर आजच्या ८.२ टक्के दराने २१ वर्षांनी १४ लाखांच्या आसपास होतात आणि अठराव्या वर्षानंतर शिक्षणासाठी त्यातील निम्मी रक्कम काढता येते. मुलासाठी टपाल खात्यात पाच वर्षांचे आवर्ती खाते पुरे. अडीच हजारांचे तिथे पावणेदोन लाखांवर होतील. हे वैभव नाही. पण ज्या वर्षी फी भरायची, त्या वर्षी हातात असेल.

आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीकडे येतो. पत्राच्या शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिले आहे: “माझा ४० लाखांचा टर्म विमा १४ महिन्यांपूर्वी काढलेलाच आहे. चार वर्षांपासून शुगरच्या गोळ्या चालू आहेत, पण हप्ता वाढतो म्हणून एजंटनी ‘नाही’ लिहायला सांगितले. मुलगी शेजारी गृहपाठ करत होती, ती म्हणाली, पप्पा, तुम्ही तर रोज गोळी घेता. पोरगी भारी हुशार आहे.” हे तुम्ही कौतुकाने लिहिले आहे. तिला काय उत्तर दिले, ते लिहिलेले नाही.

तुमच्या कुटुंबाच्या सगळ्या आर्थिक व्यवहारांत सर्वांत मोठी जोखीम या एका ‘नाही’मध्ये आहे. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसी सुरू झाल्यापासून तीन वर्षांच्या आत, महत्त्वाची माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनी दावा नाकारू शकते. दडवणे फसवणुकीच्या हेतूने नव्हते असे ठरले तर भरलेले हप्ते तरी परत मिळतात. फसवणूक ठरली तर तीही खात्री नाही. तीन वर्षांनंतर मात्र कोणत्याही कारणावरून पॉलिसीला आव्हान देता येत नाही, आणि “तीन वर्षे काढा, मग कोणी विचारत नाही” हे एजंटांचे म्हणणे कायद्याने खरे आहे. म्हणूनच ते मला अधिक खटकते: कायद्याने सामान्य माणसाला दिलेले संरक्षण लबाडीचे वेळापत्रक म्हणून विकले जात आहे. तुमचे २२ महिने अजून बाकी आहेत. मध्ये हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली आणि पुन्हा चालू करावी लागली, तर ती तीन वर्षे नव्याने मोजली जातात.

या २२ महिन्यांत काही बरेवाईट झाले तर लवकर आलेला दावा म्हणून चौकशी होईल. औषधांची बिले, रक्ततपासणीचे अहवाल, कारखान्याच्या गटविम्याच्या फाइली, सगळे कागद कोल्हापुरातच आहेत. आणि तुमच्या पत्नी परिचारिका आहेत. नवऱ्याच्या साखरेची आपल्याला कल्पना नव्हती, असे म्हणण्याची सोय त्यांना नाही. नवऱ्याच्या खोट्यावर सही करायची की ४० लाखांवर पाणी सोडायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे तुम्ही ठेवून जाल.

खोट्याने किती वाचले, तेही पाहू. तुमचा हप्ता वर्षाला १२ हजार आहे. मधुमेह सांगितल्यावर कंपनीने तो दीडपट केला असता असे धरू. वर्षाला ६ हजार जास्त, महिन्याला ५००. मुलाच्या खाऊएवढे.

म्हणून याच आठवड्यात दोन कामे करावीत. कंपनीला लेखी पत्र द्या: मधुमेह केव्हापासून आहे, कोणत्या गोळ्या चालू आहेत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि एचबीएवनसी या साखरेच्या रक्ततपासणीचा अलीकडचा अहवाल. कंपनी हप्ता वाढवील, अटी घालील, कदाचित पॉलिसी रद्दही करील. तो धोका खरा आहे आणि तो मी लपवत नाही. म्हणून त्याच आठवड्यात दुसऱ्या कंपनीकडे सगळे खरे लिहून, जुन्या पॉलिसीचा उल्लेख करून नवा प्रस्ताव द्या. तुमच्या ६२ हजारांच्या पगाराला आणि १८ लाखांच्या गृहकर्जाला ४० लाख तसेही अपुरे आहेत. ९० लाखांच्या आसपास संरक्षण हवे. आणि परत करायच्या चाइल्ड प्लॅनचा फॉर्मही एकदा काढून पाहा. तुमच्या मृत्यूनंतर पुढचे हप्ते माफ होण्याची सोय तिच्यात आहे, म्हणजे तुमच्या प्रकृतीचा प्रश्न तिथेही असणार, आणि फॉर्म त्याच हाताने भरलेला आहे.

मी ख्रिस्ती नाही. शाहूपुरीत वाढलो, नाताळला शेजारच्या घरातून करंज्या-चकल्यांचे ताट यायचे, तेवढीच माझी ओळख. त्यामुळे मलाखीवर मी तुमच्या एजंटांशी वाद घालणार नाही. पण बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातील हनन्या आणि सप्पीरा यांची गोष्ट तुमच्या मुलांनी संडे स्कूलमध्ये ऐकलेली असेल. त्यांनी जमीन विकून पैशांचा काही भाग ठेवून घेतला आणि सगळे दिले असे भासवले. प्रेषित पेत्र त्यांना ठेवून घेतल्याबद्दल बोल लावत नाही. जमीन तुमची होती, विकल्यावर पैसेही तुमच्याच हाती होते, मग खोटे का, असे तो विचारतो. तुमच्या मुलाच्या हाती मात्र ते ५० रुपये कधी नव्हतेच. पगारातून टीडीएस कापावा तसे तुम्ही ते कापून घेतले आणि वर त्याने ते आनंदाने द्यावेत अशी अपेक्षा ठेवली. यापुढे ५०० रुपये पूर्ण द्या, दहा-वीसच्या नोटा करून, म्हणजे वेगळे काढताना काही तरी कमी होते हे त्याला दिसेल. किती टाकायचे ते त्याचे त्याला ठरवू द्या, पाकिटावर आकडा लिहू नका, आणि एखाद्या रविवारी त्याने काहीच टाकले नाही तर खजिनदारांना पाकीट घरी आणू नका म्हणून सांगा. मुलीच्या २० रुपयांचेही तसेच.

तुमच्या ९ हजारांना मी हात लावायला सांगणार नाही. अनेक वर्षे ते अंदाजपत्रकात बसले आहेत आणि चाइल्ड प्लॅन परत केल्यावर अधिकच नीट बसतील. वाढीव हप्त्याचे ५०० रुपये मात्र त्यांतून काढू नका, तुमच्या स्वतःच्या खर्चातून काढा. बॉल मुलाकडेच राहू द्या. त्याच्याशी त्याबद्दल बोलायचे असेल तर कंपनीचे पत्र टपालात पडल्यावर बोला, आणि ते लिहायला बसाल तेव्हा गोळ्यांची नावे मुलीला विचारा. तिला ती पाठ असतील. फ्री-लुकचा अर्ज शाखेत हातोहात द्या आणि तारखेच्या शिक्क्यासह पोहोच घ्या. तो एजंटांच्या हाती मुळीच देऊ नका.