माझ्या शेतात दुसऱ्याने रानडुक्कर मारलं तर मीही अडकतो का?

होय. तुम्ही परवानगी दिली असेल तर अडकता. ‘बंदूक माझी नव्हती, मी घरी झोपलो होतो’ एवढ्याने सुटका होत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या कलम 52 नुसार गुन्ह्याला मदत करणाऱ्यालाही तोच गुन्हा लागतो. मुद्दाम फाटक उघडं ठेवणं, वाट दाखवणं, मांसात वाटा घेणं, हे सगळं पुराव्यात येतं.

शिकार म्हणजे फक्त गोळी झाडणं नव्हे. फासा, सापळा, विष, नुसता प्रयत्नसुद्धा कायद्याच्या व्याख्येत बसतो. बांधावर ब्रेकच्या वायरचा फासा दिसला तर तो तसाच राहू देऊ नका. फोटो काढा आणि वनरक्षकाला कळवा. त्यात डुकराऐवजी बिबट्या अडकला तर तो अनुसूची 1 मधला, म्हणजे कायद्याने सर्वाधिक संरक्षण दिलेला प्राणी: किमान 3 वर्षं कैद.

आणि कुंपणात वीज सोडू द्यायची नाही, कोणी कितीही गळ घातली तरी. पहाटे पाणी द्यायला जाणारा शेजारी त्या तारेवर पडला, तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो.

उभा भुईमूग एका रात्रीत उकरलेला पाहून जीव किती तुटतो, ते मला ठाऊक आहे. पण त्यासाठी कलम 11 आहे: पिकाला धोका असेल तर अधिकृत वनाधिकारी रानडुकराच्या शिकारीचा लेखी आदेश देऊ शकतो. तो कागद हातात नसेल तर कोणालाही शिकारीसाठी शेतात शिरू देऊ नका. पीक नुकसानीच्या भरपाईचा अर्जही लगेच वनविभागाकडे द्या, पंचनाम्यासकट.