इंग्लंडमध्ये घर ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत गेलं, की मालकाला काहीच बदलता येत नाही का?

येतं, पण आधी स्थानिक नियोजन खात्याची वेगळी संमती लागते. विनापरवाना काम हा तिथे फौजदारी गुन्हा आहे. बहुतेकांना वाटतं, फक्त दर्शनी भाग जपायचा. तसं नाही, जिना, दारं, शेकोटीची चौकटसुद्धा संरक्षणात येते.

यादीत I, II* आणि II अशा तीन श्रेणी आहेत, नव्वद टक्क्यांहून अधिक वास्तू सर्वात खालच्या II श्रेणीत. 1967 पासून अख्खे परिसरही जपले जातात.

धोरणाचा खरा प्रश्न असतो, वास्तूचं महत्त्व नेमकं कशात आहे आणि बदलाने त्याला किती धक्का बसेल? धक्का मोठा असेल, तर सार्वजनिक फायदाही तेवढाच भक्कम दाखवावा लागतो. मला हे फार योग्य वाटतं, कारण वापरात राहिलेली वास्तूच टिकते.