‘त्याला समुपदेशन समजणार नाही’: या उत्तरापुढचे करिअर

प्रश्न : मी ऐरोलीत राहते आणि बी.ए. मानसशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्या मामेभावाला बौद्धिक अक्षमता आहे. त्याला येणाऱ्या फिट्स अपस्माराच्या नाहीत, असे न्यूरॉलॉजिस्टनी सांगितले; समुपदेशनासाठी नेले, तर ‘त्याला हे समजणार नाही’ असे उत्तर मिळाले. अशा व्यक्तींसाठी काम करायचे असेल, तर मी काय शिकावे?

उत्तर : तुमच्या भावाला नाकारणारे ते उत्तर मला मान्य नाही. समजेल अशा रीतीने बोलणे ही उपचार करणाऱ्याची जबाबदारी आहे आणि तेच कौशल्य तुम्हाला कमवायचे आहे.

असे झटके येताना मेंदूत अपस्मारातील विद्युत बिघाड नसतो, आणि व्हिडिओ ईईजीवरून (झटक्याचे चित्रीकरण करत मेंदूतील विद्युत हालचालींची नोंद घेणारी तपासणी) ते ओळखता येते. तरीही ते खरे असतात, कोणी मुद्दाम करत नसते. ताण, भीती, जुना आघात किंवा दिनक्रमातील अचानक बदल अनेकदा त्यामागे असतो. मात्र बौद्धिक अक्षमता असलेल्यांत अपस्मारही अधिक आढळतो आणि एकाच व्यक्तीला दोन्ही प्रकारचे झटके येऊ शकतात. म्हणून चालू औषधे न्यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्याशिवाय बंद करू नयेत, हे घरीही सांगा.

आता प्रत्यक्ष काम पाहा. ‘तुला कसे वाटते?’ असे विचारले, की अशी व्यक्ती पुष्कळदा समोरच्याला बरे वाटावे म्हणून ‘छान’ म्हणते. त्याऐवजी चेहऱ्यांची दोन-तीन चित्रे पुढे ठेवावीत, कागदावर शरीराची आकृती काढावी आणि झटका येण्याआधी कुठे काही होते, तिथे बोट ठेवायला सांगावे. बोट पोटावर गेले, तर पोटात तसे वाटताच पाय जमिनीवर घट्ट टेकवून समोरच्या वस्तूंची नावे मोठ्याने घेण्याचा सराव करून घ्यावा. सत्र लहान, एका वेळी एकच गोष्ट, आणि पुढच्या वेळी तीच उजळणी. घरच्यांनाही तोच सराव शिकवावा. पण काही वेळ त्या व्यक्तीशी एकट्याने बोललेच पाहिजे, कारण छळ झाला असेल, तर तो घरच्यांसमोर सांगितला जाईलच असे नाही.

झटके थांबवण्याचे वचन मात्र देऊ नये. ब्रिटनमध्ये ३६८ प्रौढ रुग्णांवर झालेल्या ‘कोड्स’ चाचणीत (निष्कर्ष २०२०) या झटक्यांसाठी बेतलेल्या सीबीटीमुळे (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी, संवादातून होणारी उपचारपद्धती) वर्षअखेरीस झटक्यांच्या मासिक संख्येत लक्षणीय फरक पडला नाही. तरी मानसिक त्रास घटला आणि रोजचे जगणे सुधारले. मला हे यश मोठे वाटते.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (मानसिक विकारांवर उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ) म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) नोंदणी लागते. आजवर त्यासाठी दोन वर्षांचे एम.फिल. हा नेहमीचा मार्ग होता. सध्या अभ्यासक्रमांची रचना बदलत असल्याने शुल्क भरण्यापूर्वी परिषदेच्या संकेतस्थळावर संस्थेची मान्यता तपासा. नुसत्या समुपदेशनाच्या पदविकेवर ही नोंदणी मिळत नाही.

त्याआधी वाशीला महापालिकेच्या ईटीसी या दिव्यांगांसाठीच्या शिक्षण-प्रशिक्षण केंद्रात जाऊन, परवानगी मिळाल्यास, तिथले काम जवळून पाहा. पुढे प्रवेशाच्या वेळी प्रत्येक संस्थेला विचारा : बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींबरोबर प्रत्यक्ष किती तास काम करायला मिळेल आणि त्यावर देखरेख कोणाची असेल?