इंजिन गेलं, गाडी ठेवायची की सोडायची?

प्रश्न : माझ्याकडे २०१२चा टाटा १६१३ ट्रक आहे. पाच महिन्यांपूर्वी साडेसहा लाखांना घेतली, मी तिसरा मालक. गेल्या महिन्यात माल भरून कसारा घाट चढताना ऑइलचा दिवा लागला, खालून ठोके यायला लागले आणि चढ संपायच्या आत इंजिन जाम झालं. मेस्त्री म्हणतो, क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) गेला, इंजिनच बदला. माझ्याच इंजिनचं फुल काम १ लाख ९० हजार, भंगार बाजारातलं चालू इंजिन १ लाख १० हजार आणि कंपनीचं रिकंडिशन २ लाख ६० हजार, असे आकडे मिळालेत. फायनान्सचे १४ हप्ते बाकी आहेत. काय करावं?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : तिन्ही आकडे तूर्त बाजूला ठेवा. चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) न उघडता सांगितलेला खर्च हा नुसता अंदाज असतो, आणि तो बहुधा मेस्त्रीच्या सोयीचा असतो. इंजिन बदलण्यात त्याचे दोन-तीन दिवस जातात, दुरुस्तीत पंधरा. त्यामुळे 'बदला' हा सल्ला लवकर येतो.

आधी काय गेलंय ते बघा. ऑइल स्वच्छ घमेल्यात काढा आणि उन्हात धरा. ऑइल फिल्टर पत्र्याच्या कातरीने कापा. हॅक्सॉ वापरला तर त्याचाच कीस आत पडतो आणि काही कळत नाही. आतल्या कागदाच्या घड्या वर्तमानपत्रावर पसरा. तांबूस चमक असेल तर बेअरिंगचा थर सुटलाय. पांढरट, हलके कण लोहचुंबकाला चिकटत नसतील तर ते पिस्टनचं अॅल्युमिनियम. चुंबकाला चिकटणारा कीस असेल तर क्रँक, रिंगा किंवा गिअर.

मग चेंबर उतरवून एकेका कनेक्टिंगची (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याची) कॅप खोला. चांगली बेअरिंग पाटी (क्रँकभोवती बसणारं अर्धगोल बेअरिंग) राखाडी आणि मऊसर दिसते. झिजली की तांबूस थर उघडा पडतो, त्याहून गेली की पोलाद दिसतं. तुमच्या वर्णनावरून एखाद-दुसरी पाटी कॅपमध्येच फिरलेली सापडेल. तसं असेल तर त्या कनेक्टिंगचं भोकही खराब झालेलं असतं. नुसती पाटी बदलून चालत नाही, कनेक्टिंग बदलावा लागतो.

तुमच्या १६१३मध्ये कमिन्सचं ६बीटी इंजिन आहे असं धरतो: सहा सिलिंडर, ५.९ लिटर. याच्या क्रँकचा कनेक्टिंगचा जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) साधारण ६९ मिमी आणि मेनचा ८३ मिमी असतो. लेथवाल्याकडे मायक्रोमीटर लावून घ्या. ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी अंडरसाइजच्या (घासून बारीक केलेल्या जर्नलला बसणाऱ्या) पाट्या मिळतात, म्हणजे आधी कुणी ग्राइंडिंग केलं नसेल तर क्रँकला अजून आयुष्य आहे. दोन गोष्टी मात्र अडून करून घ्या. ग्राइंडिंगच्या आधी आणि नंतर चीर तपासणी. आणि जर्नलच्या कडेचा गोलावा तसाच राखायचा. घाईत काटकोन सोडला तर क्रँक तिथूनच तुटतो, तोही भरल्या गाडीत.

आता ब्लॉक. कनेक्टिंगने बाजू फोडली असेल किंवा मेन बेअरिंगचं घर जळून निळं पडलं असेल तर तुमचं इंजिन संपलं, पुढचा विचार नको. ब्लॉक शाबूत असेल तर बोअर (पिस्टन फिरतो ते भोक) बघा. जुन्या टाटा ६९७ इंजिनला लायनर (बोअरमध्ये बसणाऱ्या सुट्या नळ्या) असायचे. काढले, नवे बसवले. ६बीटीला कंपनीतून लायनर येत नाही, बोअर थेट ब्लॉकमध्येच कातलेला असतो. त्यामुळे ओरखडे खोल असतील तर बोअरिंग करून ०.५० किंवा १.०० मिमी ओव्हरसाइज पिस्टन घालायचे, त्यापुढे स्लीव्ह, म्हणजे बाहेरून नळी बसवायची. तुमच्या १ लाख ९० हजारांत बोअरिंग आणि सहा ओव्हरसाइज पिस्टन धरलेत की नुसत्या रिंगा, हे लेखी विचारा. बरेच वाद इथेच होतात.

इंजिन का गेलं, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही, आणि दुसरं इंजिन तीन महिन्यांत जातं ते त्यामुळेच. घाटात ऑइलचा दिवा लागणं म्हणजे प्रेशर गेलं. ६बीटीला आयडलवर किमान १० पीएसआय आणि पूर्ण आरपीएमवर किमान ३० पीएसआय प्रेशर हवं. ते जाण्याची कारणं मोजकी आहेत. ऑइल कमी असणं. फीड पंपातून किंवा नोझलमधून डिझेल चेंबरमध्ये उतरून ऑइल पातळ होणं. अशा वेळी ऑइल मोजायच्या काठीवरची पातळी वाढलेली दिसते आणि ड्रायव्हर खूश होतो की गाडी ऑइल खात नाही. आणि तिसरं, ऑइल कूलर. तो फिल्टरमागे ब्लॉकच्या बाजूला बसतो. तो फुटला की गाडी चालू असताना ऑइलचं प्रेशर जास्त म्हणून ऑइल पाण्यात जातं, आणि बंद केली की रेडिएटरचं प्रेशर पाणी ऑइलमध्ये ढकलतं. रेडिएटरच्या झाकणाखाली चहावरच्या सायीसारखा तवंग दिसला तर कूलर उघडाच.

कूलर फुटलेला नसला तरी बदला. बेअरिंग गेलं की त्याचा चुरा कूलरच्या अरुंद मार्गात अडकतो. धुऊन पूर्ण निघत नाही. नव्या बेअरिंगवर पहिल्याच फेरीत तोच चुरा येतो. टर्बोही याच ऑइलवर फिरतो. त्याची शाफ्ट हाताने वर-खाली हलवून बघा, चक्र घराला घासत असेल तर ओव्हरहॉल. टर्बोची ऑइल लाइन नवी घाला, ती काही फार महाग नसते.

थर्मोस्टॅट जागेवर आहे का तेही बघा. गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडे जुनी खोड आहे. तो काढला की बायपास उघडाच राहतो, थोडं पाणी रेडिएटरला न जाता तसंच फिरतं आणि घाटात गाडी उलट जास्त तापते.

आता पैसे. दोन वेगवेगळ्या दलालांना एकच विचारा: आहे तशी बंद गाडी किती, आणि चालू इंजिनसह किती? समजा बंद गाडीचे साडेतीन लाख आले आणि चालूचे सहा. म्हणजे चालू इंजिनची बाजारातली किंमत अडीच लाख. तुमचं फुल काम १ लाख ९० हजार. त्यात कूलर, टर्बो, पंप-नोझल कॅलिब्रेशन, क्लच प्लेट, माउंटिंगची रबरं, होस, ऑइल आणि टोइंग धरून आणखी ४० ते ५० हजार मिळवा. हिशेब जेमतेम बरोबरीत येतो. विकायचीच असेल तर आहे तशी विका. इंजिनात घातलेला पैसा विकताना पूर्ण निघत नाही. चालवायची असेल तर बाकीची गाडी निकाल देईल. स्प्रिंगच्या पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ चेसिसला चिरा किंवा आधीचं वेल्डिंग आहे का? गिअरबॉक्स गिअर सोडतो का? मागच्या अॅक्सलचं हाऊसिंग आवाज करतं का? सहापैकी किती टायर वर्षभर चालतील? आणि फिटनेस कधी संपतो? आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला तो दर वर्षी करावा लागतो, आणि पंधरा वर्षांनंतर शुल्क चांगलंच चढतं. २०१२च्या गाडीला ती वेळ फार लांब नाही. यातली दोन मोठी कामं उभी असतील तर इंजिन करू नका. फायनान्सवाल्याशी बोलून बंद गाडी विका आणि उरलेलं कर्ज मिटवा.

बाकीची गाडी ठणठणीत आणि ब्लॉक-क्रँक वाचत असेल, तर आमचा कौल तुमचंच इंजिन करण्याला. आत काय घातलंय ते तुम्हाला माहीत असतं, आणि ब्लॉक तोच असल्याने इंजिन नंबर बदलत नाही. ब्लॉक गेला असेल तर रिकंडिशन. टाटा मोटर्सच्या 'प्रोलाइफ'सारख्या अदलाबदल योजनेत जुनं इंजिन जमा करावं लागतं. फुटलेल्या ब्लॉकचे किती कापणार ते आधीच विचारा. भंगारातलं १ लाख १० हजारांचं इंजिन शेवटी. ते घ्यायचंच तर थंड असताना समोर सुरू करायला लावा, गरम होईपर्यंत चालवा आणि स्वतःचं मेकॅनिकल गेज लावून गरम आयडलचं प्रेशर बघा. ऑइल भरायचं झाकण उलटं करून तोंडावर ठेवा. उडून पडलं तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे पिस्टनवरचा गॅस खाली चेंबरमध्ये उतरतोय. जमिनीवर पडलेलं, पाणी-ऑइल नसलेलं इंजिन 'चालू' म्हणून घेऊ नका.

काम झाल्यावर पहिल्या स्टार्टला घाई नको. फिल्टर ऑइलने भरून लावा, टर्बोच्या तोंडात ऑइल सोडा आणि डिझेल बंद ठेवून गेज हलेपर्यंत थोडा थोडा स्टार्टर मारा. टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट थंड इंजिनवर इनलेट ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.५१ मिमी. रात्रभर आयडलवर ठेवून 'रनिंग' करायची पद्धत सोडा. त्याने रिंगा बसत नाहीत, बोअर गुळगुळीत होतो आणि गाडी कायमची ऑइल खायला लागते. गळती बघून झाली की अर्ध्या लोडवर रस्त्याला काढा, आरपीएम वर-खाली ठेवत चालवा. पहिलं ऑइल आणि फिल्टर हजार किलोमीटरला बदला.

प्रश्न : टाटा ४०७, ४९७ इंजिन. निळा धूर आणि बॅक कॉम्प्रेशन आहे, पण ओढ ठीक आहे. मेस्त्री हाफ इंजिन काम (क्रँक न काढता पिस्टन-रिंगांचं काम) सांगतो. नुसत्या रिंगा टाकून भागेल का?
— एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : आधी सिलिंडरवार कॉम्प्रेशन काढा. चारही साधारण सारखे आणि धूर फक्त उतारावर पाय सोडून परत रेस दिल्यावर येत असेल, तर व्हॉल्व्ह गाइड आणि सील. हेड उतरवून काम होईल. एकच सिलिंडर पडलेला असेल तर त्यात थोडं ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. लायनरच्या वरच्या टोकाला नखाला अडकेल असा कंगोरा जाणवत असेल तर नुसत्या रिंगा म्हणजे पैसे वाया. वरची नवी रिंग त्या कंगोऱ्यावर आपटून तुटते. याला लायनर मिळतात, तेव्हा पिस्टन-लायनरचा पूर्ण सेटच घाला.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी जुनं इंजिन बसवलं, पण आरसीवर नंबर बदलला नाही. आता काय होईल?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : फिटनेसला पेन्सिल ठशावर (नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने घेतलेल्या ठशावर) पकडलं जाईल. अपघात झाला तर विमा कंपनीला क्लेम अडवायला आयतं कारण मिळेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार बदलाची नोंद आरटीओकडे करावी लागते; मंजुरीशिवाय इंजिन बदललं असेल तर १४ दिवसांत कळवायचं असतं. तुमची मुदत केव्हाच गेली आहे, तेव्हा दंड भरून नोंद करून घ्या. इंजिन नंबर लिहिलेलं खरेदी बिल, ज्या गाडीचं इंजिन तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद आणि हप्ते चालू असतील तर फायनान्स कंपनीची लेखी संमती लागेल. त्याआधी एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) 'वाहन समन्वय' सेवेत तो नंबर चोरीच्या यादीत नाही ना, हे बघा. बिलच नसेल तर विकणाऱ्याला आजच गाठा, दुकान बंद होण्याआधी.

प्रश्न : बीएस-४ गाडीचं इंजिन गेलं. साधं पंपवालं बीएस-३ इंजिन बसवू का? स्वस्त आहे.
— एक वाचक, जालना

उत्तर : नाही. आरसीवर जे उत्सर्जन मानक लिहिलंय त्याखालचं इंजिन आरटीओ मंजूर करणार नाही. शिवाय ईसीयू (इंजिनचा संगणक), सेन्सर आणि मीटरचं वायरिंग अर्धवट मेलेलं राहतं. त्याच मॉडेलचं, त्याच मानकाचं इंजिन शोधा. कॉमन रेल असेल तर हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टर त्याच्यासोबतच मागा, कारण ते सुटे घ्यायला गेलात तर स्वस्ताई तिथेच संपते.